ज्या वर्षी वटवट्या आला नाही

आमच्या भागातल्या पक्षीमंडळाची सहल रविवारी पहाटे गंगापूर रोडवरून निघते आणि मिसळीच्या टेबलावर संपते. मधे वेळ उरला तर पक्षी बघतात. पाऊस ओसरला, गणपती गेले, की यांचा हंगाम सुरू होतो आणि कपाटातले लष्करी छापाचे कपडे बाहेर येतात. पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून ते असतात, असं मला सांगण्यात आलं आहे. ते घालून ही मंडळी धरणाच्या कडेला उभी राहते आणि मागच्या रविवारचा रस्सा जास्त तिखट होता की आजचा असेल, यावर मोठमोठ्याने चर्चा करते. पक्ष्यांना दिसत नसतील एक वेळ, पण ऐकू नक्की येत असतील.

मी मंडळाची सभासद नाही. मी मंडळाच्या मार्गदर्शकांची बायको आहे, म्हणजे वर्गणी माफ आणि काम सभासदांपेक्षा जास्त. थर्मास भरायचे, पोह्यांचा डबा द्यायचा आणि दुपारी मोज्यांत घुसलेली कुसळं उपसत बसायचं. जिल्हा न्यायालयात कारकुनी करून मी निवृत्त झाले, तेव्हा आता निवांत वाचन करू असं ठरवलं होतं. सध्या कुसळांचा अभ्यास चांगला झालेला आहे.

नवऱ्याला मंडळात सगळे 'सर' म्हणतात. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. घरात माझं 'अहो'वर भागतं, पण लिहिताना ते बरं दिसत नाही, म्हणून इथे मीही सरच म्हणते.

सरांची कीर्ती त्यांच्या कानांची. बाकीच्यांच्या हातात तोफेएवढाल्या लेन्स असतात. सरांकडे एक जुनी दुर्बीण, तीही बहुतेक वेळ गळ्यातच लोंबते. ते झाडाखाली थांबतात, डोळे मिटतात आणि उजव्या हाताचं एक बोट वर करतात. बोट वर गेलं की कुणी बोलायचं नाही. थोड्या वेळाने सर पक्ष्याचं नाव सांगतात, फांदी दाखवतात आणि सगळ्या तोफा तिकडे वळतात. हा नियम घरालाही लागू आहे. एकदा त्या बोटापायी मी दार उघडायला गेले नाही आणि गॅसवाला सिलेंडर घेऊन परत गेला.

मंडळाचे सेक्रेटरी बिल्डर आहेत. आपल्या इमारतींना ते पक्ष्यांची नावं देतात. त्या पक्ष्यांची झाडं त्या प्लॉटवर होती, त्यामुळे नाव शोधायला फार लांब जावं लागत नाही. दुसऱ्या महत्त्वाच्या सभासद म्हणजे दातांच्या डॉक्टर मॅडम. त्यांच्याकडे सगळ्यात मोठी लेन्स आहे आणि सरांवर त्यांची नितांत श्रद्धा आहे. सर म्हणाले की बगळा काळा असतो, तर त्या आधी आपली लेन्स पुसून बघतील.

आता सरांच्या लाडक्या पक्ष्याविषयी. नांदूर मधमेश्वरला थव्याने उतरणारी बदकं, करकोचे, यांचं त्यांना कौतुक आहे, पण जीव आहे तो हिरवट वटवट्यावर. चिमणीपेक्षा लहान, पानाच्या रंगाचा, पानांतच राहणारा पक्षी. रूपात सांगण्यासारखं काहीही नाही. उत्तरेकडून येतो, थंडीचे महिने आमच्या बिल्डिंगसमोरच्या चिंचेवर काढतो आणि निघून जातो. तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो. 'चिस्-वी', असा बारीक, सुई टोचावी तसा आवाज. दरवर्षी नवरात्राच्या सुमाराला एका सकाळी सर चहाचा कप खाली ठेवतात, बोट वर करतात आणि म्हणतात, "आला." मग मंडळाला फोन जातात आणि पेढे आणले जातात. मुलगी बंगळुरूहून येते तेव्हा घरात पेढे येत नाहीत, हे तिने एकदा बोलूनही दाखवलं होतं.

गेल्या वर्षी वटवट्या आला नाही.

नवरात्र गेलं, दसरा गेला. सर रोज सकाळी गॅलरीत उभे राहायचे आणि चहा थंड करून आत यायचे. मग त्यांनी पिंपळगाव बसवंतला धाकट्या भावाला फोन लावला. त्याची द्राक्षबाग आहे. दीर फोनवर इतक्या जोरात बोलतात की मला वेगळं ऐकावं लागत नाही. "दादा, इथं छाटणी चालू हाय, मजूर मिळंना, पाऊस कधी येईल नेम नाय. पाखरं बघायला टाईम कुठंय? बांधावर लय बारकी पाखरं किरकिर करत्यात, पण ती कोन्ती ते मला नाय सांगता यायचं." सरांनी फोन ठेवला आणि ती वेगळी असणार, असा निकाल देऊन टाकला.

कोजागरी झाल्यावर सरांनी मंडळाच्या बैठकीत सांगितलं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा वटवट्या आलेला नाही. बैठक आमच्याच घरी होती, कारण चहा आमच्याच घरी होतो. तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यांवर जे आलं त्याला मी दुःख म्हणणार नाही. एखादा पक्षी आहे, याचं कुणाला काही वाटत नाही. तो नाही म्हटल्यावर एकदम त्याच्यावर प्रेम जडतं. पाच मिनिटांत कारणं निघाली. मोबाइलचे टॉवर, द्राक्षांवरची फवारणी, गंगापूर रोडवरचे झगमग दिवे. कुणीतरी हळूच नव्या इमारतींचं नाव काढलं, तेव्हा बांधकामावर एवढ्यात बोट ठेवणं घाईचं होईल, असं सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी दुसरा कप मागितला.

अशी 'वटवट्या वाचवा' मोहीम सुरू झाली. टी-शर्ट ठरले. फ्लेक्स ठरला. महापालिकेला निवेदन ठरलं. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या चिंचेखाली जाहीर कार्यक्रम ठरला, आणि त्यासाठी पुण्याहून एका पक्षीतज्ज्ञांना बोलावायचं ठरलं. अडचण एकच होती. वटवट्याचा फोटो छापला तर नुसती चिंचेची पानं दिसत होती. म्हणून टी-शर्टावर खंड्या छापला. निळा रंग उठून दिसतो, असं डॉक्टर मॅडमचं म्हणणं पडलं. मासे खाणारा खंड्या छातीवर मिरवत ही मंडळी पानांतले किडे टिपणाऱ्या वटवट्याला वाचवायला निघाली.

फ्लेक्स आठवडाभर आधीच आला आणि चिंचेच्या बुंध्याला दोरीने आवळून बांधला गेला. त्याच दिवशी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि वरच्या फांदीतून आवाज आला. चिस्-वी.

मला पक्ष्यांतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. पण हा एक आवाज माझ्या डोक्यात इतकी वर्षं पेढ्यांसकट भरवण्यात आला आहे. मी ओली चादर तशीच टाकून हाक मारली, "अहो, या, तुमचा पाहुणा आला!"

सर धावत आले. चप्पलसुद्धा घातली नाही. कठड्याला धरून उभे राहिले, डोळे मिटले, बोट वर केलं. पक्षी ओरडला. परत ओरडला. मी सरांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "कुठे?"

"आत्ता ओरडला की!"

"शिंजीर असेल," ते म्हणाले. "तू कशाला त्यात पडतेस?" आणि आत गेले. मी तिथेच उभी राहिले. पक्षी आणखी दोनदा ओरडला.

तीस वर्षांहून अधिक काळ ज्याला बायकोचं बोलणं ऐकू येत नाही, त्या माणसाचा कान गेला आहे हे कळायला उशीर होणारच. मी घरातल्या घरात चाचण्या सुरू केल्या. कुकरची शिट्टी ऐकू येते. शेजारच्यांचं भांडण तर शब्दन् शब्द ऐकू येतं. पण मायक्रोवेव्ह बीप बीप करून थकला तरी हे समोर पेपर वाचत बसलेले. थर्मामीटर काखेत लावून दिला, तो वाजून गप्प झाला तरी धरूनच बसले. गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये संध्याकाळी किडे किरकिरतात, त्याचा त्यांना पूर्वी भारी राग यायचा. त्या वर्षी एकदाही तक्रार नव्हती. जाड आवाज सगळे शाबूत होते. बारीक तेवढे निघून गेले होते, आणि सरांनी त्या सगळ्यांचा दोष गंगापूर रोडच्या दिव्यांना दिला होता.

आणि आठवड्याने त्या चिंचेखाली हाच माणूस हातात माइक घेऊन सांगणार होता, की हा पक्षी यंदा आलाच नाही. समोर मंडळ, वार्ताहर, पुण्याचे तज्ज्ञ. डोक्यावर तो पक्षी ओरडत असणार आणि सगळ्यांना ऐकू येणार, फक्त वक्त्याला नाही. मंडळातल्या कुणाला तो आवाज ओळखता येत नाही, ते सरांवर विसंबून. पण पुण्याचा माणूस गाडीतून उतरतानाच ओळखणार. मला फार भीती वाटली. माझ्या नवऱ्याला लोकांनी हसलेलं मला चालत नाही. तो हक्क मी कुणाला दिलेला नाही.

मी सरळ सांगून टाकलं. "अहो, पक्षी आलेला आहे. तुम्हाला ऐकू येत नाही."

सर चिडले नाहीत, हसले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मला? माझा कान?" मग खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि खाली वॉचमन फोनवर गावाकडे काय बोलतोय, ते मला ऐकवलं. त्याच्या मेहुण्याचं लग्न सुरगाण्याला ठरलं होतं आणि जीपचं भाडं कुणी द्यायचं यावर वाद चालला होता. ते सगळं खरं निघालं. "बोल," सर म्हणाले. कोर्टात उभी हयात गेली माझी. खरं बोलणाऱ्याकडे पुरावा नसला की त्याचं काय होतं, ते मी रोज बघायचे. आपल्यावर वेळ आली की वेगळंच वाटतं.

कार्यक्रमाच्या आधी मंडळाची एक छोटी फेरी धरणाच्या कडेला होती. मी म्हटलं, मीही येते. सरांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

धरणाचं पाणी काठोकाठ होतं, गवत पिवळं पडायला लागलं होतं, आणि कुसळं या वेळी माझ्याच साडीत घुसत होती. डॉक्टर मॅडम माझ्या शेजारी चालत होत्या. त्यांच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप होतं. आजूबाजूच्या आवाजावरून ते पक्षी ओळखतं. पक्षी ओरडला की त्याचं नाव फोटोसकट येतं, आणि तो परत ओरडला की नावाची पट्टी पिवळी होते. अशा वस्तूलाच आपल्याकडे कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात. एका बाभळीखाली आम्ही थांबलो. सर पुढे बोट वर करून उभे होते. वर 'चिस्-वी' झालं आणि पट्टी पिवळी झाली.

"काकू, हे बघा ना," डॉक्टर मॅडम कुजबुजल्या, "सकाळपासून हे सारखं वटवट्याच दाखवतंय. बिघडलंय वाटतं."

"बिघडलंय कशावरून?"

"सर नाही म्हणाले ना!" त्या म्हणाल्या. "काढून परत टाकते मी."

अशी भक्ती देवाच्याही वाट्याला येत नसेल. मी म्हटलं, काढायच्या आधी माझ्या मोबाइलमध्ये टाकून द्या. त्यांनी मोठ्या हौसेने टाकून दिलं. काकूंना छंद लागला म्हणून त्यांना बरंही वाटलं. परतीच्या वाटेवर मी ते सरांना दाखवायला गेले, तर ते म्हणाले, मशीनवर चालणाऱ्या लोकांनीच या छंदाची वाट लावली आहे. आणि पुढे मिसळीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

कार्यक्रमाचा रविवार उजाडला. चिंचेखाली खुर्च्या, माइक, छातीछातीवर खंड्या. सेक्रेटरींचं प्रास्ताविक सुरू झालं. त्यांना लहानपणापासून झाडांची आवड होती, हे त्यातून कळलं. पुण्याचे तज्ज्ञ पहिल्या रांगेत बसले होते. वर पक्षी ओरडला. तज्ज्ञांनी मान वर केली, हसले, मग समोरचा फ्लेक्स वाचला आणि हसू आवरून गोंधळल्यासारखे इकडेतिकडे बघायला लागले. सर त्यांच्या शेजारी भाषणाचा कागद मांडीवर घेऊन बसले होते. इस्त्री मीच केली होती त्या शर्टाला.

मी उठले, सरळ पुढे गेले आणि त्या कागदावर माझा मोबाइल ठेवला.

"हे काय?" सर दबक्या आवाजात म्हणाले.

"काही करू नका. नुसतं बघा."

मी त्यांच्या खुर्चीशी वाकून उभी राहिले. सेक्रेटरी बोलतच होते. पक्षी ओरडला, मी मान हलवली आणि मोबाइलवरची पट्टी पिवळी झाली. सरांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा तेच. सवयीने त्यांचं बोट वर गेलं, डोळे मिटले. त्यांनी सगळा जीव कानात आणला, हे मला त्यांच्या कपाळावरून दिसत होतं. वरून स्पष्ट 'चिस्-वी' आलं. सरांनी डोळे उघडले, तेव्हा पट्टी पिवळी होती.

बोट हळूहळू खाली आलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं पूर्वी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, मोबाइल उचलावा आणि घरी पळून जावं. आठवडाभर मला जे हवं होतं ते झालं होतं, आणि मला ते अजिबात नको होतं.

तेवढ्यात सेक्रेटरींनी सरांचं नाव पुकारलं. सर उठले. कागद खुर्चीवरच राहिला. माइकपाशी जाऊन ते म्हणाले, "वटवट्या आलेला आहे. या झाडावरच आहे, आत्ता ओरडतोय. मला तो ऐकू येत नाही. मी समजलो, पक्षी गेले. गेलेत ते माझे कान." एवढं बोलून ते थांबले. त्या शांततेत वरचा पक्षी सगळ्यांना ऐकू गेला, आणि मंडळातल्या लोकांनी माना वर केल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते स्वतःच्या कानांनी काही ऐकत होते.

डॉक्टर मॅडम रडायला लागल्या. पुण्याचे तज्ज्ञ उठून सरांजवळ गेले आणि त्यांचा हात हातात घेऊन उभे राहिले. सेक्रेटरींनी मात्र प्रसंगावधान राखलं. टी-शर्ट छापून झालेले होते, वार्ताहर आलेले होते. त्यांनी माइक घेतला आणि जाहीर केलं, की मोहीम सुरू होऊन महिनासुद्धा झाला नाही आणि पक्षी परत आलेला आहे, तेव्हा मोहीम यशस्वी झाली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात तसंच छापून आलं, खंड्याच्या फोटोसकट.

मंडळी पांगली. जाताना डॉक्टर मॅडमनी कानाच्या ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर दिला. यंत्र लावलं की बराच फरक पडतो, असं त्या म्हणाल्या. किती पडतो, ते त्या दिवशी आम्हाला माहीत नव्हतं. खुर्च्यावाला खुर्च्या गोळा करत होता. सर चिंचेखालच्या पारावर बसले होते, मी शेजारी बसले. घरी चला म्हणायचं धाडस मला होईना. काहीतरी टोचून बोलावं म्हटलं, तर तेही सुचेना.

मग सरांनी विचारलं, "आत्ता ओरडला?"

"हो."

"कसा?"

"म्हणजे?"

"तसाच ना, पूर्वीसारखा?" ते म्हणाले. "करून दाखव."

माझा आवाज कोर्टातला. भरलेल्या व्हरांड्यात पक्षकारांचा पुकारा करणारा बेलीफ रजेवर असला की मला उभं करायचे. त्या आवाजात, भर रस्त्यावर, खुर्च्यावाल्याच्या देखत, मी वर तोंड करून 'चिस्-वी' केलं. खुर्च्यावाला थांबून बघायला लागला. सर डोळे मिटून ऐकत होते. माझं बोलणं इतकं मन लावून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"शेवट जरा वर जातो," ते म्हणाले.

मी शेवट वर नेऊन परत ओरडले.